सामायिक विहीर : ब्रिटनच्या संघत्यागाची कहाणी

एकत्र कुटुंबाची वाटणी व्हायची ठरली, म्हणजे ‘आम्हाला वेगळे राहायचे आहे’ एवढे म्हणायला एक क्षण पुरतो. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. पंच बसतात, मोजणीदार येतो, सात-बाराचे उतारे काढले जातात. शेताचे तुकडे पाडता येतात, भांडीकुंडी मोजून घेता येतात. परंतु वाडीतल्या सामायिक विहिरीचे आणि दोन्ही घरांच्या वहिवाटीचे काय करायचे, या प्रश्नापाशी वाटणी अडते. वेगळे होण्याचा आग्रह ज्याने धरलेला असतो, त्याने बहुधा या विहिरीचा विचारच केलेला नसतो.

ब्रिटनने युरोपीय संघाचा त्याग केला, त्या घटनेकडे या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. २३ जून २०१६ रोजी ब्रिटिश जनतेने सार्वमताने संघ सोडण्याचा कौल दिला. प्रत्यक्षात ब्रिटन संघाबाहेर पडले ते ३१ जानेवारी २०२० रोजी. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधानांना पद सोडावे लागले, सर्वोच्च न्यायालयाला सरकारविरुद्ध दोनदा निकाल द्यावा लागला, आणि संसदीय लोकशाहीची जननी म्हणून जिच्याकडे आपण आदराने पाहतो, त्या संसदेला काय नको हे वारंवार सांगता आले. काय हवे ते मात्र सांगता येईना. व्यवहारचतुर म्हणून ख्यातनाम असलेल्या राष्ट्रावर ही पाळी का यावी?

माझ्या मते त्याचे उत्तर असे की, पुढाऱ्यांनी जनतेला एकमेकांशी न जुळणारी आश्वासने एकाच वेळी दिली, आणि त्यांतले कोणते सोडावे लागेल हे सांगण्याचे अप्रिय काम प्रत्येकाने पुढच्या दिवसावर ढकलले. त्या टाळाटाळीची किंमत शेवटी ज्यांना मोजावी लागली, ते आयर्लंडच्या सीमेवरचे साधे लोक होते. हा इतिहास थोडा मुळापासून पाहणे उद्बोधक ठरेल.

सीमेवरच्या माणसांचा संघ

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्स व जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांशी लढून रक्तबंबाळ झाले होते. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी एक योजना जाहीर केली. फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद यांचे उत्पादन एका सामायिक संस्थेच्या हाती सोपवावे, आणि इतर राष्ट्रांनाही त्यात यायचे असल्यास दार उघडे ठेवावे, अशी ती योजना होती. तोफा पोलादाच्या होतात आणि पोलाद कोळशावर वितळते. ही दोन्ही सामायिक झाली तर एका राष्ट्राला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप शस्त्रे घडवता येणार नाहीत, हा त्यामागचा साधा विचार होता. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी त्या करारावर सह्या केल्या. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे झालेल्या कराराने त्यातून सामायिक बाजारपेठ आकाराला आली.

या कामातले तीन अग्रणी, फ्रान्सचे शूमान, जर्मनीचे कोनराड आडेनाउअर आणि इटलीचे अल्चिदे दे गास्पेरी, हे तिघेही श्रद्धावान कॅथलिक होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. शूमान यांना तर २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले. परंतु तिघांत आणखी एक साम्य होते. तिघेही सीमाप्रदेशातली माणसे होती. शूमान यांचे लोरेन कधी जर्मनीत, तर कधी फ्रान्समध्ये गेले. ते स्वतः जन्माने जर्मन नागरिक होते. दे गास्पेरी यांचा त्रेंतिनो प्रांत त्यांच्या तरुणपणी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि ते व्हिएन्नाच्या संसदेत बसले होते. आडेनाउअर ऱ्हाइनकाठचे. नकाशावरची रेघ सरकली की माणसांच्या आयुष्याचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

ब्रिटनचा अनुभव निराळा होता. चहूबाजूंनी समुद्र, महायुद्धात न झालेला पराभव आणि दूरवर पसरलेले साम्राज्य यांमुळे १९५० साली त्याला या योजनेची गरज वाटली नाही. साम्राज्य ओसरले आणि शेजाऱ्यांची भरभराट दिसू लागली, तेव्हा १९६१ मध्ये हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने प्रवेशासाठी अर्ज केला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये, आणि पुन्हा १९६७ मध्ये, दार लावून घेतले. अखेर एडवर्ड हीथ यांच्या कारकिर्दीत १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत आले. त्याच दिवशी डेन्मार्क आणि आयर्लंडचे प्रजासत्ताकही आत आले. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दोनच वर्षांनी मजूर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सन यांनी राहावे की जावे यावर सार्वमत घेतले. विल्सन यांचा स्वतःचा पक्ष या प्रश्नावर दुभंगलेला होता, आणि तो सावरण्यासाठीच हा उपाय होता. ५ जून १९७५ रोजी सुमारे ६७ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. पक्षातले भांडण मिटवण्यासाठी राष्ट्राला प्रश्न विचारण्याचा पायंडा मात्र पडला.

असंतोषाची कारणे

संघ सोडू इच्छिणाऱ्यांना अडाणी किंवा द्वेष्टे ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ब्रिटिश जनतेला बाजारपेठ म्हणून जे सांगितले गेले होते, ते पुढे पुष्कळ मोठे झाले. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने ‘युरोपीय संघ’ जन्माला आला; समान चलन, समान नागरिकत्व आले. ब्रिटनने चलन घेतले नाही, पण ब्रसेल्समध्ये ठरलेले नियम आपल्या संसदेला बांधील आहेत ही भावना खुपत राहिली. २००४ साली पूर्व युरोपातील राष्ट्रे संघात आली, तेव्हा तिथल्या कामगारांना ब्रिटनने तत्काळ दार उघडले. सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक लोक आले. लंडनला त्याचा लाभ झाला. ज्या गावांच्या खाणी आणि गिरण्या आधीच बंद पडल्या होत्या, तिथे शाळा, दवाखाने आणि घरे यांवरचा ताण तेवढा दिसला.

संघाच्या धुरीणांचाही दोष होता. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या जनतेने मास्ट्रिख्ट करार नाकारला, तेव्हा काही सवलती देऊन त्यांना पुन्हा मत विचारण्यात आले. आयर्लंडला २००१ व २००८ मध्ये हाच अनुभव आला. २००५ मध्ये फ्रान्स व हॉलंड यांनी संघाची नवी राज्यघटना फेटाळली, तर तिच्यातला बराच भाग लिस्बन कराराच्या रूपाने परत आला. ‘नाही’ हे उत्तर ऐकूनच घ्यायचे नाही, असा ग्रह लोकांचा झाला तर त्यात नवल नाही. त्याच लिस्बन करारात कलम ५० आहे. ज्या सदस्याला जायचे असेल त्याने सूचना द्यावी आणि दोन वर्षांत वाटणीच्या अटी ठरवाव्यात, असे ते सांगते. हे कलम कधी वापरले जाईल असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

एका प्रश्नाचे सार्वमत

हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या पुढे पक्षांतर्गत बंड आणि बाहेर वाढणारा स्वातंत्र्यवादी पक्ष असे दुहेरी संकट होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी सार्वमताचे वचन दिले. २०१५ च्या निवडणुकीत स्पष्ट बहुमत मिळाल्यावर ते पाळणे भाग पडले. राहण्याचा कौल मिळणारच, या भरवशावर त्यांनी सरकारी यंत्रणेला बाहेर पडण्याची पूर्वतयारी करू दिली नाही. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने पुढे त्याबद्दल कठोर ठपका ठेवला.

प्रचारात दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली. सोडण्याच्या बाजूने एका लाल बसवर दर आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रसेल्सला जातात, असे लिहून ती देशभर फिरवली. ब्रिटनला परत मिळणारा मोठा वाटा त्यात वजा केलेलाच नव्हता. राहण्याच्या बाजूने तत्काळ मंदीची भीती घालण्यात आली, आणि ती तशी खरी ठरली नाही. मतदानाला एक आठवडा असताना, १६ जूनला, राहण्याच्या बाजूच्या तरुण खासदार जो कॉक्स यांची हत्या झाली. अशा वातावरणात १ कोटी ७४ लाखांहून अधिक मतदारांनी सोडण्याच्या आणि १ कोटी ६१ लाखांहून अधिक मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे शेकडा ५१.९ विरुद्ध ४८.१. इंग्लंड व वेल्स यांनी सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्क्यांनी राहण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला.

इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : राहावे की सोडावे. सोडून कुठे जावे, हा प्रश्न नव्हता. नॉर्वे संघाबाहेर आहे, पण त्याच्या बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान बाजारपेठेत नाही, पण औद्योगिक मालासाठी त्याचे संघाशी जकातीचे ऐक्य आहे. कॅनडाचा केवळ व्यापारी करार आहे. ‘सोडावे’ म्हणणाऱ्या पावणेदोन कोटी लोकांच्या मनात यांपैकी कोणते चित्र होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एका शब्दाच्या उत्तराला शेकडो कलमांच्या करारात उतरवण्याचे काम पुढच्या पंतप्रधानांवर येऊन पडले.

थेरेसाबाईंची कोंडी

१३ जुलै २०१६ रोजी थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. अँग्लिकन धर्मगुरूची ही एकुलती एक कन्या कष्टाळू, कर्तव्यनिष्ठ आणि मितभाषी म्हणून ओळखली जात होती. सार्वमतात त्यांनी स्वतः राहण्याची बाजू घेतली होती. परंतु जनतेचा कौल तो कौल, या भावनेने त्यांनी काम अंगावर घेतले. त्यांचा हेतू शुद्ध होता याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. चुकले ते निराळेच.

१७ जानेवारी २०१७ च्या भाषणात त्यांनी जाहीर केले की, ब्रिटन संघाची एकल बाजारपेठ सोडेल आणि तिचे जकातीचे ऐक्यही सोडेल. त्याच भाषणात, आयर्लंडमध्ये जुन्या काळाच्या सीमा परत येऊ देणार नाही, अशीही ग्वाही दिली. ही दोन वचने एकत्र कशी नांदणार, हे मात्र सांगितले नाही. विरोधी पक्षाशी किंवा स्वतःच्या संसदेशी खल करून एक सर्वमान्य ध्येय आधी ठरवावे आणि मग सूचना द्यावी, हा शहाणपणाचा मार्ग होता. संसदेची संमती लागेल हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २९ मार्च २०१७ रोजी कलम ५० ची सूचना दिली गेली आणि दोन वर्षांचे घड्याळ सुरू झाले. त्यानंतर बहुमत वाढवण्यासाठी त्यांनी ८ जूनला निवडणूक घेतली आणि होते ते बहुमतही गमावले. सरकार टिकले ते उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या १० खासदारांच्या आधारावर.

समोर सत्तावीस राष्ट्रांच्या वतीने मिशेल बार्निए वाटाघाटी करीत होते. संघाने तीन गोष्टी आधी मिटवण्याचा आग्रह धरला : देणे-घेणे, एकमेकांच्या देशांत स्थायिक झालेल्या नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सीमा. पहिल्या दोहोंवर घासाघीस होऊन तोडगा निघाला. तिसऱ्यापाशी, म्हणजे सामायिक विहिरीपाशी, गाडे अडले.

आयर्लंडची सीमा

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडचा बहुसंख्य कॅथलिक भाग पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाला; ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले. त्या सहा परगण्यांत ब्रिटनशी निष्ठा सांगणारे प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते आणि कॅथलिकांना घरे, नोकऱ्या व मतदान यांत दीर्घकाळ अन्याय सोसावा लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे तिथे रक्तपात चालला. सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. मारणारे दोन्हीकडचे होते आणि मरणारेही. सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर सैनिकांचे टेहळणी मनोरे उभे राहिले. कित्येक छोटे रस्ते लष्कराने उखडून बंद केले.

हा वणवा शमला तो १० एप्रिल १९९८ च्या करारामुळे. त्या दिवशी गुड फ्रायडे होता, म्हणून तो गुड फ्रायडे करार या नावाने ओळखला जातो. कॅथलिकांचे नेते जॉन ह्यूम आणि प्रॉटेस्टंटांचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांना त्याबद्दल शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तर आयर्लंडमधील माणसाला स्वतःला ब्रिटिश मानता येईल, आयरिश मानता येईल किंवा दोन्ही, हा त्या कराराचा गाभा होता. तो व्यवहारात उतरला, याचे एक कारण असे की ब्रिटन व आयर्लंड दोघेही एकाच युरोपीय बाजारपेठेत होते. १९९३ पासून जकातीची नाकी अनावश्यक झाली होती. शांतता आल्यावर मनोरेही उतरवले गेले. दोनशेहून अधिक रस्ते सीमा ओलांडतात. शेतकऱ्याचे घर एका देशात आणि कुरण दुसऱ्या देशात, दूध उत्तरेत काढायचे आणि लोण्यासाठी दक्षिणेत पाठवायचे, हा रोजचा व्यवहार झाला. सीमा कागदावर राहिली, पण पायाला लागेनाशी झाली.

आता पेच असा होता. ब्रिटन बाजारपेठेबाहेर गेले आणि आयर्लंड आत राहिले, तर दोघांमध्ये कुठेतरी माल तपासावा लागणारच. तपासणी जमिनीवरच्या सीमेवर केली तर नाकी परत येतात. नाक्यांवर पहारा लागतो, आणि पहारेकऱ्यांवर पहिली गोळी कधी सुटेल याची भीती. तपासणी समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालाची केली, तर आपल्याच देशात आपण परके ठरलो असे तिथल्या प्रॉटेस्टंटांना वाटते. तपासणी कुठेच नको असेल तर सगळ्या ब्रिटनला संघाच्या नियमांत राहावे लागते. मग सोडले ते काय? जमिनीवर रेघ नको, समुद्रात रेघ नको आणि संघाचे नियमही नकोत, ही तीन वचने एकाच वेळी पाळणे कोणालाही शक्य नव्हते.

याहून क्लेशदायक गोष्ट अशी की, ज्यांच्या दारातून ही रेघ जाणार होती त्यांचा आवाज त्या काळात जवळजवळ मुका झाला होता. उत्तर आयर्लंडचे स्वतःचे विधिमंडळ जानेवारी २०१७ पासून तीन वर्षे ठप्प होते. लंडनच्या संसदेतील त्यांच्या १८ जागांपैकी १० युनियनिस्टांकडे होत्या. ७ जागा शिन फेन पक्षाकडे होत्या, आणि तो पक्ष तत्त्व म्हणून त्या संसदेत बसत नाही. राहण्याचा कौल देणाऱ्या बहुसंख्य जनतेच्या वतीने त्या सभागृहात बोलायला एकच अपक्ष खासदार उरल्या होत्या.

थेरेसाबाईंनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ५८५ पानांचा करार आणला. दुसरा उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटन जकातीपुरते संघाबरोबर राहील, अशी तरतूद तीत होती. देश अखंड राहावा आणि आयर्लंडमध्ये नाकी येऊ नयेत, यासाठी एक वचन अपुरे ठेवण्याचा हा प्रयत्न होता. परंतु त्या वचनाची आहुती द्यावी लागेल हे दोन वर्षे कोणी जनतेला सांगितलेच नव्हते. १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेने तो करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. मार्चमध्ये तो आणखी दोनदा फेटाळला गेला. २७ मार्चला खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले, तर आठही नामंजूर झाले. २४ मे रोजी थेरेसाबाईंनी पायउतार होण्याचे जाहीर केले, तेव्हा शेवटच्या शब्दांना त्यांचा कंठ दाटून आला.

जॉन्सन यांचा मार्ग

त्यांच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांचा स्वभाव अगदी उलटा होता. त्यांनी संसद पाच आठवडे तहकूब करविली; सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती तहकुबी बेकायदा ठरवली. तरीही ऑक्टोबरात त्यांना करार साधला. त्यातला निर्णायक दिवस १० ऑक्टोबर २०१९. त्या दिवशी त्यांची आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांची भेट होऊन तोडग्याची दिशा ठरली. हे आयरिश पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे डॉक्टर वडील मुंबईहून गेलेले आणि घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे. आयर्लंडची रेघ कुठे ओढावी याची चर्चा ज्या दोघांत झाली, त्यांतल्या एकाचे मूळ आपल्या कोकणात असावे, हा इतिहासाचा एक हृद्य योगायोग म्हणायचा.

जॉन्सन यांनी रेघ समुद्रात ओढली. जमिनीवर नाकी आली नाहीत, हे त्या कराराचे मोठे श्रेय होय. परंतु वर्षभर आधीच त्यांनी युनियनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात जाऊन, असा करार कोणतेही हुजूरपक्षीय सरकार करणार नाही, असे सांगून टाळ्या मिळवल्या होत्या. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० चे मताधिक्य मिळाले आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकरा वाजता ब्रिटन संघाबाहेर पडले. संक्रमणकाळ संपल्यावर १ जानेवारी २०२१ पासून समुद्रावरची तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली. त्या वसंतात बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट वस्त्यांत दंगली उसळल्या. बस जाळल्या गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युनियनिस्टांनी प्रांताचे सरकार सोडले. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने तपासणी सौम्य झाली आणि ३ फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळ पुन्हा उभे राहिले. सार्वमतापासून तोवर साडेसात वर्षे लोटली होती.

संघ सोडणे अशक्य आहे असा याचा अर्थ नव्हे. ग्रीनलंडने १९८२ च्या सार्वमतात सुमारे ५३ टक्क्यांनी तसा कौल दिला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी तो भूभाग बाहेर पडला. तिथल्या लोकांना आपल्या समुद्रातल्या मासळीवर आपला हक्क हवा होता. काय हवे आणि काय सोडायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते. तरीही त्या चिमुकल्या लोकसंख्येच्या एका प्रश्नाला तीन वर्षे लागली.

दूरच्या निर्णयाची झळ

राज्यकर्त्यांच्या अशा निर्णयांची झळ किती दूर पोचते, हे आपल्या गोव्यातील पुष्कळ कुटुंबांना ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व घेऊ देतो. पोर्तुगाल १९८६ पासून संघाचा सदस्य. त्यामुळे पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या हजारो गोमंतकीयांना ब्रिटनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळाला. स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. तिथल्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत कोकणी गाणी ऐकू येऊ लागली. या लोकांनी त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो हक्क संपला. आधीपासून असलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून वास्तव्याचा दर्जा मिळवावा लागला; त्यानंतर जाऊ पाहणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. धाकटा भाऊ मोठ्या भावापाशी जाणार असा बेत ज्या घरांत होता, तो तिथेच राहिला. सार्वमताच्या प्रचारसभांत त्यांचे नाव कोणी घेतले नव्हते.

पुढाऱ्याचे ऋण

लोकप्रतिनिधीने जनतेचे ऐकावे हे खरे. पण तेवढ्याने त्याचे कर्तव्य संपते काय? १७७४ साली ब्रिस्टलचे मतदार एडमंड बर्क यांना निवडून देत होते, तेव्हा त्यांनी त्या मतदारांना तोंडावर सांगितले की, प्रतिनिधीने तुम्हाला आपल्या श्रमांइतकाच आपला विवेकही दिला पाहिजे. तुमच्या मतापुढे त्याने विवेक गहाण टाकला तर तो तुमचा घात करतो. बर्क डब्लिनचे, कॅथलिक मातेचे पुत्र. पुढे त्यांनी आयर्लंडच्या व्यापारावरील बंधने सैल करण्याची आणि कॅथलिकांवरील जाचक कायदे शिथिल करण्याची बाजू घेतली. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना ते रुचले नाही, आणि १७८० मध्ये पराभव समोर दिसल्यावर बर्क यांनी त्या जागेवरून माघार घेतली. खरे बोलण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. ती दुसऱ्याच्या माथी मारली नाही.

अडीचशे वर्षांनंतरही प्रश्न तोच होता : आयर्लंडशी व्यापार, आयर्लंडमधील माणसे आणि खरे सांगण्याची हिंमत. कॅमेरॉन यांनी प्रश्न विचारला, पण उत्तराची तयारी केली नाही. थेरेसाबाईंना पेच कळला, पण तो लोकांपुढे मांडायला त्यांनी फार उशीर केला. जॉन्सन यांनी पेच सोडवला, पण ज्यांना शब्द दिला होता त्यांनाच तो मोडल्याचे कागद वाचून समजले. तिघांपैकी एकानेही सुरुवातीलाच उभे राहून असे सांगितले नाही की, ‘बंधुभगिनींनो, या तीन गोष्टींपैकी दोनच मिळतील, तिसरी कोणती सोडायची ते आधी ठरवू या.’ असे सांगणारा पुढारी कदाचित हरला असता. पण राष्ट्राची साडेसात वर्षे वाचली असती, आणि बेलफास्टच्या गल्लीतील पोरांच्या हातात पुन्हा दगड आले नसते.

हा इतिहास दूरदेशीचा असला तरी त्यातला बोध आपल्यालाही उपयोगी आहे. राज्य वेगळे हवे, संस्था वेगळी हवी, मंडळ वेगळे हवे, अशा मागण्या आपल्याकडेही उठतात, आणि त्या नेहमीच चुकीच्या असतात असे नाही. वेगळे होण्याचा हक्क माणसांना आहे. परंतु असा नारा देणारा पुढारी आपल्या दारी आला, तर धर्मग्रामातील प्रत्येक सुबुद्ध मतदाराने त्याला दोन प्रश्न शांतपणे विचारावेत : हे मिळवण्यासाठी आपण काय सोडणार आहोत? आणि जे सोडणार आहोत, त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडणार आहे? या प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल त्याला मत द्यावे की नाही, हे नंतर ठरवता येईल. जो ती देणार नाही, त्याच्या मागून जाण्यापूर्वी मात्र आयर्लंडच्या त्या सीमेवरच्या शेतकऱ्याची आठवण ठेवावी.